चार दिवस आधी आलेला भाडेकरू

१९५३ सालचा मार्गशीर्ष महिना. सोमवार, सकाळची वेळ. रक्कम — सव्वा रुपया. हजर माणसं चार : मी, माझी पत्नी, आमचे भटजी आणि शेजारचे रहमतभाई शिंपी. ठिकाण — चांदा, जटपुरा दरवाज्याच्या आतली आमची गल्ली.

पुढचं सांगण्याआधी एक गोष्ट साफ करून टाकतो. भूत, भानामती, चकवा, असल्या कशावरही माझा विश्वास नव्हता आणि आजही नाही. हा अनुभव वाचून “बघा, शेवटी यालाही मानावंच लागलं” असं म्हणायचा ज्यांचा बेत असेल, त्यांनी इथेच पान उलटावं. मी काहीही मानलेलं नाही. जे घडलं ते मांडतो आहे, एवढंच.

मी लाकूड मोजणारा माणूस. गडचिरोलीकडच्या जंगलातून निघणारं सागवान चांद्याच्या एका ठेकेदाराच्या वखारीत येई, त्याची लांबी-गोलाई मोजून घनफूट काढायचे, हे काम मी सोळा वर्षं केलं. मग ठेकेदाराचा धंदा बसला. मी एक्केचाळीस वर्षांचा, घरी तीन मुलं, आणि हातात काम नाही. अशा वेळी आफ्रिकेतल्या दारेसलामच्या एका गुजराती शेठला मोजणीदार हवा आहे असं कळलं. पगार चांगला होता. अट अशी की तीन वर्षांचं अ‍ॅग्रीमेंट, पैकी पहिले तीन महिने परीक्षेचे. त्या तीन महिन्यांत काढून टाकलं तर येण्याचं बोटीचं भाडं पगारातून कापणार आणि परतीचं ज्याचं त्यानं पाहायचं. परतीचं भाडं माझ्याकडे नव्हतं, हे मला सही करतानाच माहीत होतं.

बोटीच्या हिशेबानं चांद्याहून शुक्रवारीच निघणं भाग होतं. भटजींनी कपाळाला हात लावला.

“शुक्रवारी पश्चिमेले? दिशाशूळ आहे ना, भाऊ! सोमवार चांगला आहे. सोमवारी प्रस्थान ठेवा अन् मग शुक्रवारी खुशाल जा.”

ज्यांना ही चाल माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो. ज्या दिवशी निघायचं तो दिवस वाईट असला, तर आधीच्या चांगल्या दिवशी प्रवाशाचं एक वापरातलं वस्त्र, तांदूळ, हळकुंड, सुपारी आणि दक्षिणा असं एका फडक्यात बांधतात आणि ज्या दिशेला जायचं त्या दिशेच्या शेजाऱ्याकडे नेऊन ठेवतात. म्हणजे प्रवास त्या मुहूर्तावर सुरू झाला असं धरायचं. मग प्रत्यक्ष निघताना ते गाठोडं उचलून सोबत न्यायचं. आमच्या पश्चिमेचं पहिलं घर रहमतभाईंचं.

पत्नी जरा अडखळली. “मुसलमानाच्या घरी चालते का जी?”

भटजी म्हणाले, “दिशा काय जात पाह्यते का, बाई? पश्चिमेले ते राह्यतात, मंग पश्चिम त्याईचीच!”

रहमतभाई हसले. “माह्या खुंटीवर लोकाईचे सदरे सहा-सहा महिने लटकून राह्यतात. भाऊचं गाठोडं चार दिवस काय जड होते? आणा इकडं.”

अशा रीतीनं माझं एक जुनं धोतर, मूठभर तांदूळ वगैरे आणि सव्वा रुपया त्यांच्या खुंटीवर गेलं. मी मध्ये बोललो नाही. बायकोच्या समाधानाला सव्वा रुपया फार नव्हे.

शुक्रवारी मात्र बोललो. सामानाचे तीन नग मी ठरवले होते — ट्रंक, वळकटी, फराळाचा डबा. टांगा उभा होता. पत्नी धावत आली. “गाठोडं राह्यलं! रहमतभाईकडचं!”

“राहू दे.”

“असं कसं? ते घेतल्याबिगर जात नाई.”

“मी जाऊन राह्यलो का धोतर जाऊन राह्यलं?” मी म्हणालो आणि टांगा हाकायला सांगितला. आजही तीच वेळ आली तर तेच म्हणेन.

प्रवासाचं वर्णन करत बसत नाही. वर्धा, मुंबई, मग बोट. पहिले काही दिवस ओकाऱ्या, पुढे सवय झाली. दारेसलामला उतरलो तो दिवस शुक्रवार होता. पासपोर्टावर शिक्का बसला, देवीच्या टोचणीचा दाखला तपासला, ट्रंक उघडून पाहिली. ऊन आपल्या वैशाखासारखं, आणि रस्त्याच्या कडेला टोपल्यांत पिकलेले आंबे! पौषात आंबे पाहून मला पहिल्यांदा जाणवलं की आपण खरोखर परमुलखात आलो आहोत.

राहण्याची सोय शेठनं पत्रानंच करून ठेवली होती. हसनचाचा म्हणून एक म्हातारे पत्रेकाम करणारे होते. मूळचे चांद्याचेच, तीस वर्षांपूर्वी आफ्रिकेत आलेले. त्यांच्या घराच्या चार खोल्या भाड्यानं दिलेल्या, त्याच भाड्यावर त्यांचं म्हातारपण चाललेलं. मी त्यांना आयुष्यात कधी पाहिलं नव्हतं. हमालाच्या डोक्यावर ट्रंक देऊन मी दारात उभा राहिलो, तर ते ओट्यावरूनच ओरडले —

“आले का, भाऊ! सुटलं का सामान? बंदरावरच्या लोकाईनं चार दिवस अडवून ठेवलं म्हणजे हद्द झाली!”

आपली बोली परक्या गावात ऐकून मला इतकं बरं वाटलं की त्यांच्या शब्दांकडे माझं लक्षच गेलं नाही. मी आपला नमस्कार केला.

“अन् आज पँट-कोट? त्या दिवशी तं धोतर होतं.”

मला वाटलं, म्हाताऱ्याची नजर अधू असावी, दुसऱ्या कोणत्या भाडेकरूशी गल्लत होते आहे. मी हसून खोलीत गेलो. माझी एक जुनी सवय आहे. नवीन जागा मिळाली की आधी हातानं मोजतो — कोपर ते बोटाचं टोक, असे हात — आणि मग कुठे काय ठेवायचं ते ठरवतो. ही सवय घरच्यांशिवाय कोणाला माहीत नाही. मी भिंतीला कोपर टेकवून मोजायला लागलो, तर चाचा दारात.

“अरे, आता पुन्हा काऊन मोजून राह्यले? सोमवारीच तं मोजली ना! सात हात बाय सहा. माह्यासमोर बोलले.”

मी मोजलं. सात बाय सहा.

“चाचा, मी आज आलो. आताच, बोटीतून.”

“हो, सामान आज आलं. तुम्ही सोमवारी आले.” त्यांना यात काहीच वावगं वाटत नव्हतं. “ते हळदीच्या डागाचं गाठोडं कुठी टाकलं? चार दिवस मांडीवरून उतरवत नव्हते. जेवाले बोलावलं तं म्हणे, सामान आल्यावर जेवतो. आज सकाळी ‘सामान आणतो’ म्हणून गेले ते आता आले. आता तं जेवता ना?”

खरं सांगायचं तर तेव्हा माझ्या पाठीवर काटा आला. पण काटा येणं म्हणजे पुरावा नव्हे. मी जेवलो. भात आणि नारळाच्या रसातली मासळी होती. भरपूर जेवलो.

दुसऱ्या दिवशी कामावर गेलो. वखार मोठी, लाकूड सगळं अनोळखी. सागवान डोळे मिटून ओळखणारा मी, तिथे प्रत्येक ओंडक्याचं नाव विचारत होतो. मजुरांची भाषा येत नव्हती, म्हणून आधी आकडे शिकलो. आकडे आले की मोजणीदाराचं अर्धं काम होतं. संध्याकाळी चाचांच्या ओट्यावर बसायचं, रामाळा तलावाच्या नि महाकालीच्या जत्रेच्या गोष्टी करायच्या. त्यांना चांद्याची भूक होती आणि मला माणसाची. एकूण बस्तान बरं बसत होतं.

गाठोड्याची गोष्ट मात्र डोक्यातून जाईना. मी घरी विमानाच्या टपालानं पत्र टाकलं, इतर मजकुरात सहज म्हणून विचारलं की ते प्रस्थान कुठे आहे. मोठ्या मुलीच्या हातचं उत्तर आलं : गाठोडं रहमतभाईंच्या खुंटीवर जसंच्या तसं आहे, आईनं स्वतः पाहिलं, गाठसुद्धा तीच. शिवाय आईचा निरोप होता : “भटजी म्हणून राह्यले, तुम्ही नाई नेलं म्हणून ते एकटंच पुढं गेलं.”

आता पाहा! भटजींचं म्हणणं खरं धरायचं तर गाठोडं खुंटीवर असता कामा नये. खुंटीवर असेल तर ते आफ्रिकेत कोणाच्या मांडीवर असता कामा नये. लोक याला उलगडा म्हणतात. मी याला चुकीचा हिशेब म्हणतो.

महिना भरला. भाडं साठ शिलिंग ठरलेलं. चाचांनी अडुसष्ट मागितले.

“आठ कशाचे?”

“सोमवार ते शुक्रवार. चार दिवस. दोन शिलिंग रोज.”

“चाचा, त्या दिवसांत मी समुद्रात होतो.”

“भाऊ, माह्या खोलीत होते.”

मी साठ मोजून पुढे केले. त्यांनी हात लावला नाही. “पुरे द्या, नाई तं राहू द्या.”

आमची दोघांची बोलीच नव्हे, खोडही एकच निघाली. आठ दिवस आम्ही एका ओट्यावर बसलो नाही. ते मशिदीतून आले की मी आत, मी वखारीतून आलो की ते आत. दारेसलाममधली आपली वस्ती लहान; गोष्ट शेठच्या कानावर गेली. रविवारी सकाळी शेठ स्वतः आले. त्याच दिवशी चाचांचा मुलगा यूसुफ, जो टांगा नावाच्या गावी नोकरीला होता, तोही आलेला. ओट्यावर शेजारपाजारची सात-आठ माणसं जमली.

शेठ मला म्हणाले, “आठ शिलिंगांसाठी तमाशा? देऊन टाक ना, भाई.”

“शेठ, प्रश्न आठ शिलिंगांचा नाही. दिले म्हणजे सोमवारी मी इथे होतो असं मी कबूल केलं. मी नव्हतो.”

“मग हसनचाचा खोटं बोलतात?”

“तसं मी म्हटलेलं नाही.”

“दोघं खरे कसे असतील?” शेठचा आवाज चढला. “मी तुला माप द्यायला ठेवलंय. उद्या ओंडका बारा फूट आहे की दहा, हे तुझ्या शब्दावर मी बोटीवर चढवणार. एक तर चाचा खोटे, नाही तर तू. तू असशील तर सामान बांध. माझ्या वखारीत खोटा मोजणीदार नको.”

आता आठ शिलिंग वाचवायला गेलो तर नोकरी जाते, आणि दिले तरी मी आधी खोटं बोललो असा अर्थ होऊन नोकरी जातेच. बोटीचं भाडं डोक्यावर, घरी तीन मुलं. मी आत गेलो, ट्रंकेतून पासपोर्ट काढला आणि शेठच्या हातात दिला.

शेठनं शिक्का मोठ्यानं वाचला. तारीख वाचली. बोटांवर वार मोजला.

“शुक्रवार,” ते म्हणाले.

सगळे चाचांकडे वळले. कोणीतरी हसलं. कोणीतरी म्हणालं, “चाचा, आता एका खोलीचं दोनदा भाडं घेता की काय?” मी जिंकलो होतो. मला हायसं वाटलं, हे लपवत नाही.

पण यूसुफ उठला आणि त्यानं बापापुढे हात पसरला. “अब्बा, चाव्या द्या. मी मागंच सांगितलं होतं. तुम्हाले दिसत नाई, आठवत नाई, अन् आता लोकाईले नाडून राह्यले. घर विकू अन् चला टांग्याले.”

“मी नाडत नाई,” चाचा म्हणाले.

“कागद तुमच्यासमोर आहे!”

“कागद असंल. हा माणूस सोमवारी आला, त्याच्या नावानं आला, ‘मी चांद्याचा वासुदेव’ म्हणाला, खोली मोजली.” म्हाताऱ्यानं बोट छताकडे केलं. “अन् वर पाहून म्हणाला, चाचा, तिसरा वासा आतून खाल्ला आहे, बदला, नाई तं डोक्यावर येईन. वीस वर्षं मी त्या छताखाली वावरलो, मले नाई दिसला. बुधवारी बदलला. जुना मागं पडला आहे, जाऊन पाहा.”

यूसुफ म्हणाला, “वाळवी लागली असंल, कळलं असंल तुम्हाले.”

मी मागच्या अंगणात गेलो. भिंतीलगत वासा पडला होता, खाडीतल्या लाकडाचा, मनगटाएवढा. वरून गुळगुळीत, एकही भोक नाही. बोटाच्या पेरानं ठोकला. पोकळ वाजला. टोकाशी जोर दिला तर कडकन तुटला आणि आत नुसता भुसा.

असा वासा खालून उभं राहून ओळखणं हे पत्रेवाल्याचं काम नाही. नुसतं पाहून सांगणारी माणसं लाकडाच्या धंद्यातसुद्धा थोडी. सोळा वर्षं ओंडके पारखून मला ते जमतं. रंग किंचित मेल्यासारखा दिसतो, दुसरं काही नाही. आणि माझ्या खोलीत खरोखरच तिसरा वासा नवा होता. महिनाभर मी त्याच्याखाली झोपत होतो.

मी ओट्यावर परत आलो. यूसुफनं चाव्यांच्या जुडग्याला हात घातला होता आणि चाचांनी जुडगा कमरेशी घट्ट धरला होता.

“सोड त्यांना,” मी म्हणालो. “चाचा खरं सांगून राह्यले.”

शेठ उखडले. “म्हणजे तू सोमवारी इथे होतास?”

“नाही. पासपोर्ट खरा आहे. सोमवारी मी बोटीवर होतो. आणि चाचाही खरे आहेत. सोमवारी या खोलीत कोणीतरी होता, माझं नाव सांगणारा, माझ्यासारखा मोजणारा, लाकूड जाणणारा. हे दोन्ही एकमेकांत बसत नाही, ते मलाही दिसतं आहे. पण बसत नाही म्हणून त्यातलं एक मी खोटं म्हणणार नाही. आणि बसवायला तिसरी गोष्टही रचणार नाही.”

“कोण होता मग?”

“माहीत नाही.”

“जिन असंल,” मागून कोणीतरी पुटपुटलं.

“तुम्हाला माहीत असेल तर पुढे येऊन सांगा,” मी म्हणालो. “नसेल तर उगाच नाव देऊ नका.”



शेठनं पासपोर्ट मिटला. मग तो मला परत केला. “नोकरीवरून काढायला आलो होतो,” ते म्हणाले. “पण स्वतःच्या अंगावर येणारं मापही देतोस म्हणजे ओंडक्याचं तरी बरोबरच देशील. उद्या वेळेवर ये.”

यूसुफनं चाव्यांवरचा हात काढला होता. “मग ते आठ शिलिंग?” त्यानं विचारलं. आता त्याच्या आवाजात टोमणा नव्हता, खरोखरच विचारत होता.

मी आत जाऊन साठ आणले, वर आठ आणले. साठ माझे म्हणून दिले. आठ वेगळे ठेवले आणि सगळ्यांसमोर म्हणालो, “हे माझ्या राहण्याचे नाहीत. खोली चार दिवस अडली होती, ती माझ्या नावावर अडली होती, म्हणून देतो आहे. कोणाच्या राहण्याचे, ते विचारू नका.”

चाचांनी आठ नाणी तळहातावर पसरली. मोजली. मग एक उचलून माझ्यापुढे धरलं.

“हे घ्या.”

“काऊन?”

“सोमवारी तुम्ही दुपारच्या नमाजानंतर आले. अर्धाच दिवस झाला.”

“चाचा, मी नाई आलो.”

“बरं, तो आला,” म्हातारा म्हणाला. “तरी अर्धाच दिवस.”

मी तीन वर्षं त्या खोलीत राहिलो. पुष्कळ विचार केला, कागदावर वार आणि तारखा मांडून पाहिल्या, शहाण्या माणसांना विचारलं. भाविकांनी मला मान डोलावून सांगितलं आणि शिकलेल्यांनी खांदे उडवून. दोघांच्या सांगण्यात एकही गोष्ट अशी नव्हती जी वासा आणि पासपोर्ट दोन्हींना पुरून उरेल. आजपर्यंत मला उत्तर मिळालेलं नाही, आणि मिळालं नाही म्हणून मी कोणाचं उसनंही घेतलेलं नाही.

शेवटी दिले ते सात शिलिंग. हसनचाचांना, त्यांच्या ओट्यावर, त्यांच्या मुलासमोर.